आधी नाव विचारलं

ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. बदलापूरच्या एका शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याची बातमी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. त्याखाली पहिला प्रश्न पडला तो असा : "नाम क्या है उसका?"

मुलींची विचारपूस नव्हती. आरोपीचं नाव हवं होतं. विचारणारी माझी नणंद. ती बदलापूर पूर्वेला राहते आणि तिची स्वतःची नात तेव्हा बालवाडीत जात होती. थोड्या वेळाने कुणीतरी नाव टाकलं. नाव "आपलं" नव्हतं. ग्रुपवर "अल्हम्दुलिल्लाह" आलं, त्याखाली दोन-तीन जणांनी हात जोडले. आणि खोटं कशाला बोलू, अंबरनाथला माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मीसुद्धा सुटकेचा श्वास सोडला.

हा श्वास कुठून येतो ते मुसलमान वाचकांना समजावून सांगायला नको. इतर वाचकांसाठी सांगते. कुठे काही वाईट घडलं की आम्ही आधी नाव बघतो. नाव आमच्यातलं निघालं तर दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या नजरेला आपण उत्तर द्यायचं असतं. ही भीती खरी आहे. पण त्या दिवशी रात्री मला झोप लागली नाही, कारण चार वर्षांच्या दोन पोरी माझ्या मनात त्या नावाच्या नंतर आल्या होत्या. मी शिक्षिका आहे. वीस वर्षं मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते आहे. आणि मी आधी नाव विचारलं.

पुढच्या काही दिवसांत माझ्या लक्षात आलं की हा रोग फक्त आमच्या ग्रुपला नव्हता.

जे घडलं ते थोडक्यात आठवून बघू. अत्याचार झाला १२ आणि १३ ऑगस्टला. आरोपी त्याच महिन्यात कंत्राटावर लागलेला सफाई कामगार होता. तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात अकरा-बारा तास ताटकळत बसावं लागलं. गुन्हा नोंदला गेला १६ तारखेला रात्री. २० ऑगस्टला बदलापूर रस्त्यावर उतरलं आणि लोक थेट रुळांवर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत बदलापुरातून एकही लोकल सुटली नाही. आमच्या अंबरनाथपर्यंत गाड्या येत होत्या, पुढे कर्जतच्या बाजूला सगळं ठप्प. माझी शाळा उल्हासनगरला, त्यामुळे मी पोचले. बदलापूरहून येणाऱ्या दोन सहकारी पोचल्या नाहीत.

त्याच दिवसापासून चिठ्ठ्या चिकटवण्याचं काम सुरू झालं. आंदोलन राजकीय हेतूने झालं, त्यात बाहेरची माणसं होती, असं तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. पुरावा काय, तर काहींच्या हातात लाडकी बहीण योजनेचा उल्लेख असलेले छापील फलक होते. विरोधकांनी २४ ऑगस्टला महाराष्ट्र बंदची हाक दिली. उच्च न्यायालयाने बंदला मनाई केली, मग काळ्या फिती लावून मूक निदर्शनं झाली. २३ सप्टेंबरला मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत आरोपी गोळी लागून मेला, तेव्हा काही ठिकाणी "बदला पुरा" असे फलक झळकले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पुढे जानेवारी २०२५ मध्ये पाच पोलिसांना त्या मृत्यूसाठी जबाबदार धरलं. त्यावर पुन्हा दोन तट. चकमकीवर प्रश्न विचारणारा आरोपीचा वकील ठरला, न विचारणारा सरकारचा भक्त. या सगळ्यात "शाळेच्या स्वच्छतागृहापाशी बाईमाणूस का नव्हतं?" हा साधा प्रश्न विचारणारे आवाज फार कमी होते.

आमच्या शिक्षकखोलीतही दोन तट पडले. एक सर म्हणाले, "सरकार काय प्रत्येक वर्गात पोलीस बसवणार आहे का? पालकांनी मुलांकडे लक्ष द्यायला हवं, शिक्षकांनी डोळे उघडे ठेवायला हवेत. आपली काही जबाबदारी आहे की नाही?" समोर बसलेल्या मॅडम उसळल्या. "सगळं लोकांवरच ढकला! पोलीस तक्रार घेत नाहीत, शाळांची तपासणी होत नाही. मग सरकार पाहिजेच कशाला?"

दोघांचंही बोलणं मला पटलं, आणि नेमकं तेच खटकलं. कारण हेच दोघे २०२१ च्या उन्हाळ्यातही मी ऐकले होते. करोनाची दुसरी लाट होती, कल्याणपासून बदलापूरपर्यंत माणसं खाटेसाठी फिरत होती. तेव्हा हेच सर म्हणत होते, "सरकार झोपलंय का?" आणि ह्याच मॅडम म्हणत होत्या, "लोक मास्क लावत नाहीत, लग्नं लावतात, त्याला सरकार काय करणार?" मधल्या काळात काय बदललं? जून २०२२ मध्ये सरकार बदललं, एवढंच. सरांचं सरकार आलं आणि त्यांना माणसाची जबाबदारी दिसायला लागली. मॅडमचं सरकार गेलं आणि त्यांना सरकारची जबाबदारी दिसायला लागली.

यात दोघांची चेष्टा करायचा हेतू नाही. दोघेही मन लावून शिकवणारे आहेत. मला एवढंच म्हणायचं आहे की "सरकारने करायचं की माणसाने करायचं" हा आपला वाद बऱ्याच वेळा वादच नसतो. आपण आधी बघतो खुर्चीवर कोण बसलंय, आणि मग जबाबदारी कुणाच्या अंगावर टाकायची ते ठरवतो. कुणाच्याही अंगावर टाकली तरी ती आपल्या अंगावर येत नाही, हा त्यातला फायदा.

आता माझी गोष्ट सांगते. ही मी आजवर घरच्यांनाही पूर्ण सांगितलेली नाही.

बदलापूरच्या घटनेच्या आठ-नऊ वर्षं आधी मी दुसऱ्या एका शाळेत होते. माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी शाळा सुटली की घरी जायला तयार होत नसे. दप्तर आवरायला वेळ लावायची. फळा पुसू का टीचर, खडू गोळा करू का, असं चाललेलं. एक दिवस मी जवळ बसवून विचारलं तेव्हा म्हणाली, रिक्षावाले चाचा तिला रोज पुढे, स्वतःच्या शेजारी बसवतात. मग आणखी जे सांगितलं ते इथे लिहीत नाही.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं आणि शांतपणे ऐकलं. म्हणाले, "मी बघतो. तुम्ही कुठे बोलू नका. मुलीच्या इज्जतीचा सवाल आहे. आणि माणूस आपल्यातलाच आहे, बाहेर गेलं तर पेपरात काय छापून येईल ठाऊक आहे ना? सगळ्या मोहल्ल्याची बदनामी." मला ते पटलं. चार दिवसांत रिक्षावाला बदलला. ती मुलगी वेळेवर घरी जाऊ लागली. मी वरिष्ठांना सांगितलं होतं, वरिष्ठांनी कारवाई केली होती. माझं काम झालं, असं मी स्वतःला सांगितलं.

दोन महिन्यांनी तो मला दिसला. दुसऱ्या एका शाळेच्या फाटकासमोर, रिक्षा भरून पोरं उतरवत होता. एक छोटी मुलगी त्याच्या शेजारून उतरली. मी नजर खाली घातली आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागले.

बदलापूरच्या बातमीवर "आपला नाही ना" म्हणून मी श्वास सोडला, तेव्हा मला आठवलं की एक "आपला" होता आणि त्याला मी सोडून दिलं होतं. परका असता तर मी आरडाओरडा केला असता, आपला होता म्हणून झाकला. दोन्ही वेळा मुलगी मागे राहिली आणि नाव पुढे आलं.

त्यानंतर मी पहिल्यांदा पोक्सो कायदा नीट वाचला. बीएड करून, इतकी वर्षं नोकरी करून मी तो वाचला नव्हता, हेही कबूल करते. २०१२ चा हा कायदा आहे. त्याच्या १९व्या कलमात जे आहे ते प्रत्येक शिक्षकाने, पालकाने, मौलवींनी, क्लासवाल्याने वाचायला हवं. मुलावर असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, किंवा तो होण्याची भीती ज्याला वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने ती माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला दिलीच पाहिजे. मुख्याध्यापकांच्या कानावर घालून ही जबाबदारी संपत नाही. न कळवल्यास २१व्या कलमाप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. म्हणजे त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला गप्प राहायला सांगितलं आणि मी गप्प राहिले, तेव्हा आम्ही दोघेही कायद्याच्या चुकीच्या बाजूला उभे होतो.

पण कायदा तिथे थांबत नाही, हे आमच्या सरांनाही सांगायचं आहे. त्याच कायद्यात पोलिसांवरही कामं टाकली आहेत. आलेली माहिती लिहून घ्यायची, तिला क्रमांक द्यायचा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि अंगावर गणवेश नको. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवायचं नाही. म्हणजे माणसाचं काम कुठे संपतं आणि सरकारचं कुठे सुरू होतं, ते कायद्याने आखून दिलं आहे. मी कळवायचं, त्यांनी लिहून घ्यायचं. मी कळवलं नाही तर चांगले पोलीसही काही करू शकत नाहीत. आणि बदलापूरच्या त्या आईबापांनी आपलं काम चोख केलं होतं, तरी त्यांना तासन् तास बसून राहावं लागलं. त्यांना "पालकांनी लक्ष द्यायला हवं" हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

आमच्याकडे लहानपणी मदरशात फर्जाचे दोन प्रकार शिकवतात. फर्जे-ऐन म्हणजे ज्याचं त्यानेच करायचं कर्तव्य, जशी पाच वेळची नमाज. माझी नमाज दुसरा कुणी पढू शकत नाही. दुसरा फर्जे-किफाया, सगळ्या समाजावर मिळून असलेलं कर्तव्य, जशी जनाज्याची नमाज. वस्तीतल्या काहींनी ती अदा केली की बाकीचे सुटतात. पण एकानेही केली नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार. हा धडा मला तोंडपाठ होता. पण मी आयुष्यात नेहमी त्यातली "बाकीचे सुटतात" एवढीच ओळ वापरली. कुणीतरी करत असेल, मुख्याध्यापक करतील, सरकार करेल, म्हणून मी सुटले. कुणीच केलं नाही तर काय, हा भाग मी सोयीने विसरले.

याच पट्ट्यात, बदलापूर आणि वांगणीच्या मधे, हा धडा उलट बाजूने बघायला मिळाला होता. २७ जुलै २०१९. आदल्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली. रुळांवर पाणी, गाडीत हजाराहून जास्त प्रवासी, त्यात नऊ गरोदर बायका. आजूबाजूच्या चामटोलीसारख्या गावांतले लोक मदतीला धावले. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, हवाई दल आलं. दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर होते. गावकरी म्हणाले नाहीत की हे रेल्वेचं काम आहे. सरकार म्हणालं नाही की प्रवाशांनी पाऊस बघून निघायला हवं होतं. नुसत्या गावकऱ्यांच्या हिमतीवर हजार माणसं निघाली नसती, तिथे बोटी आणि जवानच लागतात. पण बोटी येईपर्यंतचे तास कुणीतरी सोबत असावं लागतं. आणि पाण्यातून बाहेर येणाऱ्या माणसाला कुणी पक्ष विचारला नाही, नाव विचारलं नाही.

एवढा शहाणपणा आपल्याला फक्त पुरातच का सुचतो?

लेबलांची किंमत किती असते, तेही या जानेवारीत आमच्या अंबरनाथने दाखवून दिलं. नगर परिषदेच्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध घसा कोरडा केलेले भाजप आणि काँग्रेसचे नगरसेवक "अंबरनाथ विकास आघाडी" म्हणून एकत्र आले, शिंदे यांच्या शिवसेनेला बाजूला ठेवायला. राज्यात शिवसेना आणि भाजप एकाच सरकारात. काँग्रेसने आपल्या १२ नगरसेवकांना निलंबित केलं, आणि ते भाजपमध्ये गेले. ज्यांच्यासाठी आम्ही शेजाऱ्याशी बोलणं सोडलं, त्यांनी चार दिवसांत चिठ्ठी बदलली. आम्ही मात्र तीच चिठ्ठी कपाळावर लावून फिरतोय. शेजारच्या बदलापुरात त्याच महिन्यात त्या शाळा प्रकरणातल्या एका सहआरोपीला स्वीकृत नगरसेवक करण्यात आलं. गुन्हा शाबीत झालेला नाही, हे मान्य. पण गदारोळ झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना राजीनामा द्यावा लागला. तो गदारोळ झाला नसता तर? म्हणजे लोकांनी बोललं की फरक पडतो, तेही फक्त विरुद्ध पक्षाच्या लोकांनी नाही, सगळ्यांनी.

मग मी काय केलं, ते सांगून थांबते. फार मोठं काही नाही.

शाळांमध्ये सखी सावित्री समिती असावी, असा शासनाचा आदेश मार्च २०२२ चा आहे. २१ ऑगस्ट २०२४ ला, बदलापूरच्या उद्रेकानंतर दुसऱ्याच दिवशी, पुन्हा शासन निर्णय निघाला. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी आणि हीच समिती. पहिला आदेश एका सरकारचा, दुसरा दुसऱ्याचा. दोन्ही सरकारांच्या काळात आमच्याकडे ती समिती कागदावरच होती. कागद शोधून काढला तर सदस्यांच्या यादीत चौथं नाव माझं, पुढे माझीच सही. दोन वर्षांत एकही बैठक झाली नव्हती. ती बघायला कुणी अधिकारी आला नव्हता, हा सरकारचा दोष. पण सही माझी होती.

आता दर महिन्याला बैठक होते. तक्रारपेटीची किल्ली पूर्वी कार्यालयात एकाच माणसाकडे असायची. आम्ही दोन कुलपं लावली, एक किल्ली पालक प्रतिनिधीकडे. पेटीत बहुतेक चिठ्ठ्या "पंखा चालत नाही" आणि "अमुक मला चिडवतो" अशाच निघतात. निघोत. पंख्याबद्दल लिहिलेल्या चिठ्ठीला उत्तर मिळालं, तरच एखादी मुलगी कधीतरी दुसरं काही लिहायचं धाडस करेल. प्रत्येक वर्गात १०९८ हा क्रमांक उर्दूत आणि मराठीत लिहून लावला आहे. शिक्षकखोलीत तो फलक लावायला सर स्टूलवर चढले होते, स्टूल धरलं होतं मॅडमनी. वाद त्यांचा अजून चालू आहे, आणि चालू द्यावा.

आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मी एका पोलीस ठाण्यात गेले. त्या रिक्षावाल्याचं नाव, जुन्या शाळेचं नाव, मला त्या मुलीने सांगितलेलं सगळं, आणि मी तेव्हा कळवलं नाही हेही, असा अर्ज लिहून दिला. मुख्याध्यापकांनी ज्या "आपल्या" माणसाला वाचवायला सांगितलं होतं, त्याचं नाव मी माझ्या अक्षरात लिहिलं. हात थरथरत होता. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली. चौकशी कुठवर आली ते विचारायला त्यानंतर मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा "साहेब बघतायत" असं उत्तर मिळालं. माझं काम मी फार उशिरा केलं. त्यांचं काम अजून बाकी आहे, म्हणून मी तिसऱ्यांदा जाणार आहे.

माझी नणंद हे वाचेल आणि रागावेल, तिला आधीच सांगून ठेवते. भाभी म्हणून माझं एक ऐक. पुढच्या वेळी अशी बातमी आली की आधी विचार, पोरी कशा आहेत? नंतर विचार, तक्रार लिहून घेतली का? त्याच्या नावाचं पोलीस आणि न्यायालय बघतील. आणि त्यांनी नाही बघितलं, तर आपण सगळे मिळून विचारायला जाऊ, मग ते नाव कुणाचंही असो.